वेलपत्ती (ग्रंथसजावट)

हस्तलिखिताच्या समासात, छापील पानाच्या चौकटीत किंवा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर येणारी पानावेलींची नक्षी. शोभेसाठी ती असतेच, पण रिकामी जागा भरणे आणि सांधा झाकणे हे तिचे खरे काम.

रोमन शिलालेखांत शब्द वेगळे दाखवायला आयव्ही या वेलीचे पान कोरत. पुढे युरोपातील छापखान्यांनी ते खिळ्यात (छपाईच्या धातूच्या ठशात) ओतले. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस (मृत्यू १५१५) याच्या नावाने ते ओळखले जाते. कातडी बांधणीवर सोनेरी पान उठवायचे तर कातड्याला अंड्यातला पांढरा बलक लावतात, त्यावर सोन्याचा वर्ख ठेवतात आणि तापवलेला पितळी ठसा दाबतात. ठसा फार तापला तर कातडे करपते, कमी तापला तर वर्ख धरत नाही. हे तंत्र इस्लामी जगातून १५व्या शतकात इटलीत पोहोचले. चौकटीच्या रेघा कोपऱ्यात नीट भेटल्या नाहीत, तर कारागीर तिथे पान बसवून मोकळा होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात दोन-तीन परंपरा शेजारी नांदल्या. जैन मठांतील ताडपत्रांवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरत. तिथे नक्षीला वाव थोडाच. विजापूरच्या आसार महालातील ग्रंथसंग्रह लंडनला गेला, आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यामुळे जुनी वेलपत्ती इथे कागदापेक्षा दगडात अधिक सापडते; बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर (१२०४) पाहावे.

बाळबोध (देवनागरी) पोथीत समासाला तांबड्या रेघा, विरामाच्या दंडांना हिंगूळ हा तांबडा रंग आणि चूक झाकायला हरताळ हा पिवळा रंग. क्वचित शेवटच्या पानावर एखादे फूल. मोडी दप्तरात मात्र वेलपत्ती शोधू नये, कारकुनाला तेवढी सवड नसे.

पोथ्या छापल्या जाऊ लागल्या तरी सुट्या पानांची ठेवण काही काळ टिकली. चौकटीची बॉर्डर जुळारी (खिळे जुळवणारा कामगार) तुकड्यातुकड्याने बसवी, कोपऱ्याचे तुकडे निराळे. मराठी आणि कन्नड दोन्ही छापणाऱ्या छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या वेगळ्या लागत. बॉर्डर दोन्हीकडे तीच चाले. खिळ्यांशिवाय छापणाऱ्या ऑफसेटने हे जुळवणे संपवले. लग्नपत्रिकेवरची आंब्याची पाने आता संगणकावरून येतात.

वाचनालयांसाठी पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पाठीला कापड लावतात आणि नाव घालतात. सोनेरी पान कोणी मागत नाही. मागणी असते ती पुठ्ठा टिकण्याची.