सलामीत दर बारानंतर रायफल हाताने का ओढतात?

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जवानाला अखेरची मानवंदना देताना एसएलआरमधून तीन फैरी झाडल्या जातात. प्रत्येक बारानंतर पोलीस रायफलच्या डाव्या बाजूचं कॉकिंग हँडल मागे ओढतात. ते पाहून ‘बंदुका जुनाट, सारख्या अडकतात’ असा शेरा हमखास मारला जातो. एखादा बार उडाला नाही, तर गेलेल्याची इच्छा अपुरी राहिली, असंही कुजबुजतात. बार न उडण्याचं कारण दमट दारू किंवा काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी खराब टोपी असतं, आत्मा नव्हे. आणि हँडल ओढणं हा तर बिघाडच नाही.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, स्वतः भरून घेणारी. मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कारखान्यातले दियुदोने सॅव्ह यांची. 1962 च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती दर गोळीला बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा) ओढावा लागणारी थ्री-नॉट-थ्री होती. त्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात 1ए1 ही भारतीय एसएलआर बनू लागली आणि 1971 मध्ये तीच पायदळाची मुख्य रायफल होती.

आता खरी गंमत. 7.62 मिमीची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 840 मीटर वेगाने सुटते. तिची ऊर्जा सुमारे 3300 ज्यूल, म्हणजे 50 किलोचं सिमेंटचं पोतं दोन मजले वर चढवण्याइतकी. नळीत ती जेमतेम एक मिलिसेकंद असते. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र आहे. गोळी ते ओलांडून पुढे गेली, की मागचा थोडा वायू त्यातून वर शिरतो आणि पिस्टनला ठोसा देतो. पिस्टन बोल्ट कॅरियरला, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, मागे ढकलतो. पण बोल्ट लगेच सुटत नाही. त्याचं मागचं टोक खाली झुकून एका पोलादी आडव्या खांद्याला टेकलेलं असतं. कॅरियर काही मिलिमीटर मोकळा सरकतो आणि मगच ते टोक वर उचलतो. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते, दाब उतरतो. बोल्ट आधीच सुटला, तर दाबाने फुगून नळीला चिकटलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, फाटेल. साध्या यंत्रमागावर काम केलेल्या सोलापूरकराला हे चटकन उमगेल: धोटा पलीकडच्या पेटीत पोचायच्या आत उभे धागे मिटले, की धोटा अडकतो आणि धागे तुटतात.

सलामीत वापरतात त्या ब्लँक राउंडमध्ये (काडतुसात) गोळीच नसते. नळीला बूच नाही, म्हणून वायू सरळ तोंडातून निघून जातो, छिद्रापाशी पुरेसा दाब साठत नाही, पिस्टन हलत नाही. म्हणून हाताने ओढायचं. सरावात तोंडावर अरुंद छिद्राचा जोड बसवला, की रायफल ब्लँकवरही आपोआप चालते. मात्र त्या जोडासह खरी गोळी उडवणं जिवावर बेतू शकतं.

खऱ्या गोळीवरही रायफल अडली, तर आधी गॅस रेग्युलेटर पाहावा. तो जादा वायू बाहेर सोडतो. फार उघडा राहिला, तर कॅरियर पुरता मागे जात नाही, पुंगळी अडकते किंवा पुढचा राउंड उचलला जात नाही. फार बंद असला, तर सगळे भाग आदळून झिजतात. मे महिन्यात पारा 43 अंशांवर असताना उन्हात तापलेली दारू जास्त दाब देते, हेही लक्षात ठेवावं. पिस्टनला तेल लावू नये. ते जळून काजळी धरते. आणि साफसफाईनंतर वायूच्या वाटेवरचा गॅस प्लग उलटा, म्हणजे ग्रेनेड फेकण्यासाठीच्या खुणेवर बसला, तर वायूची वाट बंद होते. मग धडधाकट रायफलही दर गोळीला ओढावी लागते.

1990 च्या दशकात 5.56 मिमीची इन्सास आली आणि सैन्यातली एसएलआर हळूहळू पोलिसांकडे सरकली. पण 2019 मध्ये सैन्याने 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्या पुन्हा याच 7.62 × 51 काडतुसाच्या. त्यांचा बोल्ट फिरून बंद होणारा आहे, पण त्याला मागे ढकलणारा ठोसा आजही छोट्या पिस्टनचाच.