गॅरेज तापवायचं, पण त्यातलं नेमकं काय?

मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 20 सेल्सियसला टेकला की घराला चिकटून असलेलं गॅरेजसुद्धा शून्याखाली जातं. मिनिआपोलिस, शिकागो, टोरांटो या पट्ट्यातल्या ज्या मराठी मंडळींना सुतारकामाचा किंवा गाडी स्वतः उघडून बघायचा नाद लागला आहे, त्यांची हौस नोव्हेंबर ते मार्च कुलपात पडते. मग कधीतरी हीटर आणायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो: किती बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं अमेरिकेतलं माप) घेऊ? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी ठरवायला हवं की तापवायचं काय आहे. हवा, माणूस, लोखंडी यंत्रं की पायाखालचं काँक्रीट? हीटरचे प्रकार वेगवेगळे आहेत ते बरेचसे याच कारणाने.

दोन गाड्यांचं साधं गॅरेज घेऊ: 24 बाय 24 फूट, उंची 9 फूट. आत सुमारे 147 घनमीटर हवा मावते. ती उणे 20 वरून 15 अंशांवर न्यायला जेमतेम पावणेदोन युनिट ऊर्जा लागते. 50,000 बीटीयूचा हीटर म्हणजे साधारण 14.7 किलोवॅट (एक किलोवॅट म्हणजे ताशी 3,412 बीटीयू). हिशेबाने तो ही हवा सात मिनिटांत तापवेल. आता खाली बघा. चार इंच जाडीच्या काँक्रीटचं वजन जवळपास 13 टन भरतं आणि ते एक अंशाने तापवायला त्या सगळ्या हवेच्या साठपट उष्णता लागते. म्हणून होतं असं की दहा मिनिटांत थर्मोस्टॅट समाधानाने हीटर बंद करतो, कानाजवळची हवा उबदार लागते आणि पाय मात्र बुटांतही गारठलेले राहतात. गाडी बाहेर काढायला मोठं दार एकदा उघडलं की ती सात मिनिटांची कमाईही गेली.

उष्णता बाहेर कुठून जाते, हा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात. बाहेर उणे 20, आत 15. भिंतीत आणि छतात इन्सुलेशन नाही, दार नुसत्या पत्र्याचं, फटी नेहमीसारख्या. अशा गॅरेजमधून छतावाटे सुमारे 5.3 किलोवॅट, भिंतींतून 4.6, फटींतून येणाऱ्या वाऱ्यामुळे 3.4, दारातून 2.1 आणि फरशीच्या कडांमधून 1.3 किलोवॅट निघून जातात. एकूण 17 किलोवॅटच्या आसपास. अमेरिकेत इन्सुलेशन ‘आर’ आकड्यावर विकतात, आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी गळते. भिंतीत आर 13, छतावर आर 38, दार आर 10 चं, आणि दाराच्या कडेने चांगलं रबर लावून वाऱ्याची ये-जा निम्म्याहून कमी केली, तर तेच गॅरेज 4 किलोवॅटमध्ये भागतं. छताचा वाटा 5.3 वरून 0.3 वर येतो. आणि गंमत म्हणजे, आधी शेवटच्या नंबरावर असलेल्या फरशीच्या कडा आता सगळ्यांत मोठा गळतीचा मार्ग ठरतात.

म्हणजे चौपट छोटा हीटर पुरतो, हे एक. पण पर्यायच बदलतात, हे जास्त महत्त्वाचं. 17 किलोवॅट हवे असतील तर गॅसशिवाय गत्यंतर नसतं. 4 किलोवॅट म्हटलं की विजेचा हीटर आणि हीट पंप दोन्ही चर्चेत येतात. माझ्या मते, छतावर इन्सुलेशन टाकायच्या आधी हीटरची जाहिरात वाचूच नये. फोमच्या लाद्या लावल्या तर त्यावर जिप्सम बोर्ड चढवावा लागतो एवढं लक्षात ठेवा. उघडा फोम आगीत झपाट्याने पेटतो आणि गॅरेजात पेट्रोल असतं.

आता पाणी. हीटर निवडताना याचा विचार फार थोडे लोक करतात आणि नंतर गंज घासत बसतात.

टॉर्पेडोसारख्या नळकांड्यातून आग ओकणारा प्रोपेनचा हीटर स्वस्त मिळतो, भिंतीला भोक पाडावं लागत नाही, सिलिंडर जोडला की काम सुरू. पण त्याचा धूर, म्हणजे ज्वलनातून जे जे तयार होतं ते सगळं, खोलीतच राहतं. प्रोपेनचा एक रेणू जळला की कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार रेणू निघतात. वजनात मोजलं तर एक किलो प्रोपेनमागे 1.6 किलोहून थोडं जास्त पाणी. 50,000 बीटीयूचा हीटर तासाला साधारण एक किलो प्रोपेन खातो, म्हणजे तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने गॅरेजात सोडतो. नऊ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ पंधरा लिटर.

ही वाफ जाते कुठे? टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीचं, बिडाचं टेबल अजून शून्य अंशावर आहे असं समजा. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे पावणेपाच-पाच ग्रॅमच वाफ मावते. 147 घनमीटरांना मिळून 700 ग्रॅमच्या थोडं वर. हीटरने इतकी वाफ सोडली, म्हणजे सुरुवातीची हवा अगदी कोरडी धरली तरी अर्ध्या तासाच्या आत, की त्या गार टेबलावर दव धरायला लागतं. फ्रिजमधलं पाणी ओतलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. फटींमधून काही वाफ बाहेर जाते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा उशीर होतो इतकंच. मात्र बीड तापायला हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसलेला असतो. रात्री हीटर बंद, टेबल पुन्हा गार, उरलेली वाफ पुन्हा त्याच्यावर. दोन-तीन शनिवार-रविवार असे गेले की रंध्याच्या तळावर आणि करवतीच्या टेबलावर तांबूस ठिपके दिसू लागतात. कोकणात पावसाळ्यात हत्यारांना तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवतात. मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या कोरड्या हिवाळ्यात तीच वेळ आपण विकत घेतलेल्या हीटरमुळे येते.

ज्याचा धूर नळीने बाहेर जातो तो हीटर याच्या बरोबर उलट वागतो. उणे 20 च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन 15 अंशांवर गेली की सापेक्ष आर्द्रता 8 टक्क्यांच्या घरात येते. लोखंड खूश, लाकूड नाराज. रुंद फळ्या आकसतात, टोकांना चिरा पडतात. तरी माझं मत विचाराल तर सुकं गॅरेज बरं. फळ्या घरात नेऊन ठेवता येतात, टेबल सॉ नाही.

धूर बाहेर काढणाऱ्या हीटरांमध्ये सगळ्यांत रुळलेला म्हणजे छताला टांगलेला, पंख्याचा गॅस हीटर. त्याचाच एक प्रकार जळायला लागणारी हवाही बाहेरूनच ओढतो. भुसा उडवणाऱ्या माणसाने थोडे जास्त पैसे टाकून हाच घ्यावा, कारण ज्योत खोलीतल्या हवेपासून पूर्ण वेगळी राहते. रंगाची, थिनरची वाफ आणि लाकडाची बारीक पूड ज्योतीपर्यंत पोचत नाही.

दुसरा मार्ग हवेला वळसा घालून जाण्याचा: इन्फ्रारेड. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी 1800 साली सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येकात थर्मामीटर धरला, तेव्हा लालच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. त्याच अदृश्य किरणांवर हे हीटर चालतात. तापलेला पृष्ठभाग किती उष्णता फेकेल, ते त्याच्या केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. आत गॅस जाळून 450 अंश सेल्सियसला तापवलेली नळी आणि 900 अंशांना लालभडक झालेली सिरॅमिकची जाळी यांच्या केल्विन तापमानात फरक 1.6 पटीचा, पण तेवढ्याच क्षेत्रफळातून फेकलेल्या उष्णतेत जवळजवळ सात पटींचा. ही किरणं वाटेतल्या हवेत फारशी अडत नाहीत. थेट माणसाच्या पाठीवर, यंत्रांवर आणि फरशीवर पडून तिथेच उष्णता होतात. त्यामुळे हवा 10-12 अंशांची असूनही काम करणाऱ्याला गार वाटत नाही. यंत्रं हवेच्या मागे न राहता हवेच्या आधी तापतात, म्हणून दव धरायचा धोकाही घटतो, अर्थात नळीतला धूर बाहेर सोडलेला असेल तरच. दार उघडलं तरी फरशीत साठलेली ऊब लगेच पळत नाही. अडचण उंचीची. नळीखाली बरंच अंतर मोकळं सोडावं लागतं आणि 8 फुटी छताच्या गॅरेजात गाडीच्या टपापर्यंत तेवढी जागा बहुधा उरत नाही.

विजेच्या हीटरबद्दल थोडक्यात. भिंतीतल्या नेहमीच्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा कुठलाही हीटर 1,500 वॅटच्या आसपासच असतो. तेल भरलेला असो, सिरॅमिकचा असो, शेकोटीचं चित्र लावून तिप्पट किमतीला विकलेला असो, उष्णता सगळ्यांची सारखीच, 5,100 बीटीयू. चार किलोवॅटच्या गॅरेजला तो पुरणार नाही. 5 किलोवॅटचा 240 व्होल्टचा हीटर पुरेल, पण तो 21 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला 30 अँपिअरची स्वतंत्र लाइन टाकून घ्यावी लागते. एक्स्टेन्शनच्या वायरीवर हीटर चालवू नका. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि गुंडाळी केलेल्या वायरीतून ती बाहेर पडायला वाव नसतो.

हीट पंप विजेपासून उष्णता बनवत नाही, तो बाहेरच्या गार हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर 8 अंश असताना एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो, उणे 15 ला दोनच्या आसपास. थंड प्रदेशासाठी बनवलेली मॉडेल्स उणे 25 लाही चालतात, पण तेव्हा त्यांची ताकद घटलेली असते, म्हणून आकार निवडताना त्या थंडीतला आकडा बघायचा. खर्चाचा अंदाज घेऊ. नैसर्गिक वायू थर्मला (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू) 1.2 डॉलर आणि वीज युनिटला 15 सेंट धरली, तर 80 टक्के कार्यक्षमतेच्या गॅस हीटरची उष्णता युनिटला 5 सेंटच्या आसपास पडते, अडीचपट देणाऱ्या हीट पंपची 6 सेंट आणि साध्या विजेच्या हीटरची पूर्ण 15. तुमच्या बिलावरचे दर घालून हेच गणित पुन्हा करा, उत्तर राज्याराज्यात बदलतं. हीट पंपच्या बाजूने आणखी एक मुद्दा: उन्हाळ्यात तोच गारवा देतो आणि हवेतली वाफही काढतो. जूनच्या दमट हवेत गार फरशीला पाणी सुटतं, तेव्हा ते कामी येतं. विरुद्ध बाजूचे मुद्दे दोन. भुशाने त्याची जाळी भराभर चोंदते, ती सारखी धुवावी लागते. आणि बऱ्याच मॉडेल्सवर 16 अंशांच्या खाली तापमान लावताच येत नाही. आठवडाभर गॅरेज नुसतं 7-8 अंशांवर ठेवायचं असेल, तर तशी खास सोय असलेलं मॉडेल विचारून घ्यावं लागतं.

ज्वलन म्हटलं की कार्बन मोनॉक्साइड आलाच. महाराष्ट्रात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. बंद गॅरेजातल्या धूर न काढणाऱ्या हीटरमागचं विज्ञान तेच आहे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो. अमेरिकेत आगी सोडून इतर कारणांनी झालेल्या या विषबाधेत दरवर्षी 400 हून जास्त माणसं मरतात. अलार्म लावाच, पण त्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरंही वाचा. घरगुती अलार्म बहुतेक 4 ते 38 अंशांत काम करण्यासाठी बनवलेले असतात. गोठलेल्या गॅरेजात, नेमका हीटर पेटवायच्या क्षणी, त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते आणि उणे 40 अंशांतही पेट घेण्याइतकी सुटते. ती जमिनीलगत पसरते, म्हणूनच गॅरेजात ठिणगी किंवा ज्योत असलेलं उपकरण जमिनीपासून निदान 18 इंच वर हवं असा अमेरिकेतल्या बांधकामाचा नियम आहे. घरातल्या फर्नेसचा, म्हणजे सगळं घर तापवणाऱ्या यंत्राचा, एक डक्ट (गरम हवेची नळी) गॅरेजात काढून द्यायचा मोह खूप जणांना होतो. नियमाने त्याला बंदी आहे आणि ते बरोबरच आहे; त्याच डक्टमधून गॅरेजमधला धूर झोपायच्या खोल्यांत जाऊ शकतो.

महिन्यातून दोन-तीन रविवार, तेही दोन तास काम करणाऱ्याला माझा सल्ला असा: छत आणि दाराचं रबर आधी, मग 240 व्होल्टचा विजेचा हीटर, आणि काम सुरू करायच्या दोन तास आधी तो चालू करून द्यायचा. यंत्रांवर मेण घासून ठेवायचं. रोज संध्याकाळी काम करणाऱ्याने गॅरेज सतत 7-8 अंशांवर ठेवावं आणि काम असेल तेव्हा 15 वर न्यावं. त्याला टांगलेला गॅस हीटर किंवा हीट पंप परवडतो, आणि लोखंड कधीच गोठत नसल्यामुळे दवाचा प्रश्न बहुतांशी सुटतो. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालण्याचा विचार फक्त नवं गॅरेज बांधणाऱ्याने करावा. 13 टन काँक्रीट तापायला बराच वेळ लागतो, अधूनमधून वापरणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

गोंद मात्र कुठल्याही परिस्थितीत घरातच ठेवा. आपल्या फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा-पिवळा गोंद 10 अंशांच्या खाली नीट धरत नाही. सुकतो, पण खडूसारखा भुरभुरीत होतो, आणि जोड पहिल्याच ताणाला सुटतो. इथे हवेचं तापमान बघून चालत नाही, लाकडाचं बघावं लागतं. हवा 15 अंश असली तरी रात्रभर गारठलेली सागवानी फळी तासाभराने आतून 5 अंशांवरच असू शकते. फळ्या आदल्या दिवशी घरात आणून ठेवल्या तर काम होतं.