थरांच्या पोलादाचे दागिने : पहिली पट्टी हातात घेताना

दमास्कस नावाने ओळखली जाणारी ही पट्टी दोन प्रकारच्या पोलादांचे थर भट्टीत तापवून, हातोड्याने एकमेकांत सांधून तयार होते. आमच्या पट्टीत १०८४ आणि १५एन२० ही जोडी असते. पहिल्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन. दुसऱ्यात कार्बन त्याच्या जवळपास, शिवाय साधारण २ टक्के निकेल. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात १०८४ काळे पडते आणि निकेलचे थर उजळ राहतात. नक्षी उमटते ती एवढ्या फरकातून.

दागिन्याला धार टिकवायची नसते, म्हणून सुरीसारखे पाणी देण्याची, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक करण्याची, गरज नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असे आम्हाला मनापासून वाटते. आणि कामाचा क्रम उलटा धरा : आधी तयार पट्टीवर नक्षी उठवायला शिका, थर सांधण्याकडे नंतर वळा. थर सांधताना डोळ्यांसमोर शेवटची नक्षी असेल तर हात योग्य दिशेने चालतो.

सपाट पट्टी नुसती घासून द्रावणात टाकली तर वरच्या बाजूला जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण तिथे एकच थर असतो. थर तिरके किंवा आडवे कापले गेले पाहिजेत. पेंडंटसाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे ड्रिलने उथळ खळगे पाडणे. भट्टी नसेल तर ते तसेच ठेवा. त्यांच्या उतारावर एकात एक वर्तुळे दिसतात. भट्टी असेल तर पट्टी नारिंगी तापवून खळगे भरून येईपर्यंत ठोका, मग कानशीने सपाट करा. चौकोनी सळी तापवून पिळली आणि नंतर चपटी केली तर वेगळीच गंमत : जितके मध्याजवळ घासाल तितकी नक्षी चांदण्यांसारखी होत जाते. त्यामुळे थोडे घासा, बुडवून पाहा, आवडले की थांबा.

घासताना ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत जा. आदल्या पेपरचा एकही ओरखडा ठेवू नका, तो नक्षीपेक्षा ठळक दिसतो. तुकडा साबणाने धुऊन तेलाचा अंश घालवा. बोटाचा ठसासुद्धा डाग पाडतो.

एक भाग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात तीन ते चार भाग पाणी, भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे. हातमोजे आणि चष्मा हवाच. पाच-दहा मिनिटांनी तुकडा काढा, काळा थर हलकेच पुसा, पुन्हा बुडवा. हवी तेवढी खोली आली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून द्रावणाचा परिणाम थांबवा, धुवा, पूर्ण सुकवा आणि लगेच मेण किंवा तेल लावा.

थर स्वतः सांधायचे असतील तर सात तुकड्यांपासून सुरुवात पुरे. प्रत्येक तुकड्याची दोन्ही तोंडे चकचकीत घासलेली हवीत. न जुळलेले थर बहुतेक वेळा इथल्याच हयगयीमुळे सुटतात. गठ्ठा लाल झाला की टाकणखार (बोरॅक्स) टाका, मग पिवळा होईपर्यंत, साधारण १,१५० ते १,२५० अंश सेल्सिअस, सबंध जाडीत उष्णता मुरू द्या. पहिले घाव हलके आणि झटपट, मधून टोकांकडे. ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळते आहे, लगेच बाहेर काढा. वितळलेला टाकणखार उडतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत कधीच नको, त्याचा धूर विषारी असतो. गॅसची भट्टी बंद खोलीत लावू नका.

हे पोलाद गंजते, घामाने तर लवकरच. अंगठीला आतून चांदीचे किंवा टायटॅनियमचे अस्तर द्या. निकेलची ॲलर्जी असलेल्यांसाठी ही पट्टी वापरू नका, आणि टोचलेल्या कानात या पोलादाची तार घालू नका; हूक वेगळ्या धातूचा घ्या.