लॉग लिहिणारा एक, पुसणारा दुसरा

डिस्क भरून ॲप्लिकेशन बसले की तपासात बहुतेकदा जुन्या लॉग फाइलींचा (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो त्या फाइलींचा) ढीग सापडतो. ॲडमिनचा निष्काळजीपणा असतोच, पण लिहिण्याचे काम एका प्रोग्रॅमचे आणि पुसण्याचे दुसऱ्याचे, ही वाटणी सुरुवातीपासूनची आहे.

१९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलेत सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग हा नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम बनवला. नोंद कोणत्या विभागाची आणि किती गंभीर, हे पाहून ती योग्य फाइलीत टाकायची, एवढेच त्याचे काम. फाइल किती फुगली हे पाहणे क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीच्या) स्क्रिप्टकडे गेले. १९९०च्या दशकात रेड हॅटमध्ये लॉगरोटेट लिहिला गेला, तोही वेगळाच प्रोग्रॅम. तो फाइलीचे नाव बदलतो, नवी रिकामी फाइल ठेवतो, जुन्या कॉम्प्रेस करतो आणि ठरलेल्या संख्येपलीकडच्या उडवतो. आठवड्याला एकदा आणि चार प्रती, ही त्याची नेहमीची मांडणी.

गोची इथेच होते. युनिक्समध्ये चालू प्रोसेस फाइलीला नावाने नव्हे, उघडलेल्या हँडलने (फाइल उघडताना मिळालेल्या दुव्याने) धरून असते. नाव बदलले तरी ती जुन्याच फाइलीत लिहीत राहते, आणि फाइल डिलीट केली तरी जागा सुटत नाही. मग डिस्कवरची एकूण वापरलेली जागा सांगणारा डीएफ डिस्क भरलेली दाखवतो आणि दिसणाऱ्या फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही. अशा फाइली उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ +एल१ या कमांडने सापडतात. जागा मिळते ती प्रोसेसने फाइल सोडल्यावर, म्हणजे फाइल नव्याने उघडण्याचा सिग्नल देऊन किंवा रीस्टार्ट करून. ज्या सॉफ्टवेअरला सिग्नल कळत नाही त्याच्यासाठी लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट हा पर्याय आहे: आधी प्रत, मग मूळ फाइल रिकामी. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवतात. शिवाय प्रतीपुरती मोकळी जागा लागते, आणि डिस्क भरलेली असताना नेमकी तीच नसते.

जावाच्या दुनियेत रोटेशन, म्हणजे जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू करणे, ॲप्लिकेशनच्या आत आले, तरी पुसणे अर्धवटच राहिले. लॉगफोरजे १ या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतला रोलिंग ॲपेंडर (फाइलीत नोंदी टाकणारा भाग) दहा एमबीला फाइल फिरवतो आणि एकच जुनी ठेवतो. दैनिक ॲपेंडरला मात्र किती फाइली ठेवायच्या हे सांगण्याची सोयच नव्हती, आणि एंटरप्राइज सर्व्हरवर तोही लोकप्रिय होता. ती आवृत्ती २०१५मध्ये थांबली. जुन्या फाइली वयानुसार वा आकारानुसार काढण्याची डिलीट ॲक्शन त्याच वर्षी लॉगफोरजे २.५मध्ये आली. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरची कॅटालिना.आउट ही लॉग फाइल वेगळीच डोकेदुखी. तिच्यात लिहिण्याची वाट सुरुवातीची शेल स्क्रिप्ट जोडून देते, त्यामुळे टॉमकॅट स्वतः तिला फिरवू शकत नाही. त्याच्या दैनिक लॉगना अलीकडच्या आवृत्त्यांत ९० दिवसांची मर्यादा तयार मिळते, हिला नाही.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी प्रश्न उलटा केला. आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) यंत्रणांचे मागच्या १८० दिवसांचे लॉग सतत सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडला एमटाइम +३० (शेवटच्या बदलाला ३० दिवसांहून जास्त झालेल्या) आणि डिलीट देणारी जुनी क्रॉन ओळ आता धोक्याची. (ही ओळ पूर्ण चोवीस तासांचे दिवस मोजते, म्हणून प्रत्यक्षात ३१ दिवस पुरे झालेल्या फाइलीच पकडते.) आता कॉम्प्रेस करणे, दुसऱ्या साठ्यावर नेणे, चेकसम जुळवून प्रत हुबेहूब असल्याची खात्री करणे आणि मगच मूळ काढणे, हा क्रम हवा. चालू फाइल फाइंडच्या हाती लागणार नाही असा नावाचा पॅटर्नही द्यावा: महिनाभर एकही ओळ न पडलेला एरर लॉग वयाने जुना दिसतो, पण प्रोसेसने तो उघडाच ठेवलेला असतो.