हातचा असलेला अधिक आणि हातचा नसलेला अधिक

द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत केलेली, बेरीज वाचकाला येते असे मी धरून चालतो. एक अधिक एक म्हणजे १०, शून्य मांडायचे आणि एक हातचा घ्यायचा. नेहमीची बेरीज येणाऱ्याला त्यात नवे काही नाही. घोळ होतो तो पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात, जेथे हेच अधिकचे चिन्ह बूलच्या बीजगणितात, म्हणजे ० (नाही) आणि १ (हो) एवढ्याच किमतींच्या तर्काच्या बीजगणितात, भेटते आणि १ + १ = १ असे बजावते. लातूरला पदविकेच्या मुलांना हा विषय शिकवताना दर वर्षी उत्तरपत्रिकांत अ + अ = २अ असे लिहिलेले आढळते. मग १ + १ = १ कसे, असे विचारल्यावर उत्तर येते, “सर, इथे हातचा सोडून द्यायचा असतो ना?” हा तोडगा मुलांना कोण शिकवते हे मला ठाऊक नाही, पण तो साफ चूक आहे. १० मधला हातचा सोडला तर शून्य उरते, एक उरत नाही.

दोन्ही चिन्हे दिसायला सारखी असली तरी ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर धरले, तर “किती आले?” याचे उत्तर ५ लाखांवरून २५ लाखांवर गेले, “आले का?” याचे उत्तर मात्र दोन्ही वेळी ‘हो’ एवढेच होते. द्विमान बेरीज ‘किती’ विचारते, म्हणून तिला हातचा लागतो. बूलचा अधिक ‘आहे की नाही’ एवढेच विचारतो आणि दोन होकार एकत्र आले तरी त्यांचा एकच होकार होतो. तेथे हातचा टाकून दिलेला नसतो, तो मुळात निर्माणच होत नाही. म्हणूनच अ + ब हे वर्गात ‘अ अधिक ब’ असे कोणी वाचले की मी थांबवतो आणि ‘अ किंवा ब’ असे वाचायला लावतो. गुणाकाराच्या चिन्हाबद्दल मी एवढा हट्ट धरत नाही, कारण ०, १ पुरता तो दोन्हीकडे सारखाच चालतो.

या गोंधळाचा खरा फटका समीकरण सोडवताना बसतो. अ + ब = अ + क असे दिसले की मुलांचा हात आपोआप दोन्हीकडचा अ खोडतो. अ = १, ब = ० आणि क = १ घेऊन पाहावे: दोन्ही बाजू १ येतात, तरी ब आणि क समान नाहीत. बोअरचे पाणी हौदात पडतच असेल, तर नुसता ओला हौद पाहून टँकर येऊन गेला की नाही हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. होकाराने बाकीची माहिती गिळलेली असते. बूलच्या बीजगणितात वजाबाकी नाही, म्हणून खोडाखोडीची मुभाही नाही.

हातचा खरोखर सोडून दिलेली बेरीज हवी असेल, तर ती एक्सॉर गेट करते (गेट म्हणजे ०, १ असे इनपुट घेऊन ० किंवा १ देणारे छोटे मंडल). दोन्ही इनपुट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०, म्हणजे दोन्ही १ असताना उत्तर ०. तेथे मात्र दोन्हीकडचा अ बिनधास्त खोडता येतो. दोन द्विमान अंकांची बेरीज करणाऱ्या अर्धबेरजी मंडलात बेरजेचा अंक एक्सॉर देते आणि हातचा अँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तरच १) देते. ऑर गेटचे, म्हणजे बूलच्या ‘किंवा’चे, तेथे काही काम नाही. प्रयोगशाळेत ७४८६ या एक्सॉर चिपच्या जागी ७४३२ ही ऑर चिप बसवली जाते, आणि दोन्ही चिपांची पिनरचना सारखीच असल्यामुळे जोडणी बिनचूक दिसते. सत्यता सारणीच्या, म्हणजे इनपुटांच्या सर्व जोड्या आणि त्यांची उत्तरे मांडलेल्या तक्त्याच्या, चारांपैकी तीन ओळी बरोबर येतात. दोन्ही इनपुट १ असलेली चौथी ओळ न तपासता वही सही करून मागणाऱ्यांना मी परत पाठवतो.

मुलांना दोष देताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ती ही की या चिन्हाचा इतिहासही सरळ नाही. जॉर्ज बूलने १८४७ आणि १८५४ च्या ग्रंथांत अधिकचे चिन्ह वापरले ते ज्यांच्यात सामाईक काहीच नाही अशा दोन गटांपुरते; अ + अ = अ हा नियम त्याने स्वीकारलाच नाही, तो १८६० च्या दशकात इंग्लिश तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने आणला. अमेरिकन अभियंता क्लॉड शॅननने १९३७ च्या प्रबंधात हे बीजगणित स्विचांना लावले, पण त्याच्याकडे ० म्हणजे चालू मार्ग, १ म्हणजे तुटलेला मार्ग आणि अधिक म्हणजे एकसर (एकापुढे एक) जोडणी होती, अगदी आजच्या उलट.

आधीचा हातचाही धरून बेरीज करणाऱ्या पूर्णबेरजी मंडलात दोन अर्धबेरजी मंडलांचे हातचे शेवटी ऑर गेटने एकत्र करतात, आणि तेथे ऑरच्या जागी चुकून एक्सॉर बसली तरी उत्तर बिघडत नाही. कारण ते दोन हातचे एकाच वेळी १ कधीच होत नाहीत, आणि बूलने आपल्या अधिकला घातलेली मूळ अट हीच होती.