हात बसलेला राहतो, लक्ष सुटतं

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, येण्याआधी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारणं ही एक कला होती. पॅडल एकदम दाबलं की चाकं जाम होऊन गाडी घसरायची, म्हणून दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. आता हे काम यंत्रणा सेकंदाला कितीतरी वेळा करते. चालकाने फक्त पाय घट्ट दाबून धरायचा. ती जुनी कला आज बहुतेकांना येत नाही आणि त्याची हळहळ करायचं कारणही नाही. यंत्र ते काम आपल्यापेक्षा चांगलं करतं.

अडचण होते ती अर्धवट मदतीने. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि गाडीला लेनच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग ही जोडी स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या मोजपट्टीवर २ वर येते. इथे गाडी जवळजवळ स्वतःच चालते, जबाबदारी मात्र सगळी चालकाची. करायचं काही नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. नेमकं हेच माणसाला जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर तासन्‌तास बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हा प्रश्न ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्यासमोर होता. त्यांनी लोकांना एका तबकडीवर टिकटिक पुढे सरकणारा काटा बघायला बसवलं. काटा क्वचित दुप्पट उडी घ्यायचा, ती टिपायची. अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. हे १९४८ साली छापून आलं. तरी आपण गाड्या अशा बनवतो की चालकाने त्या काट्याकडेच बघत बसावं.

मग गाडी चालवायचं कसब जातं का? यावर चांगला प्रकाश टाकतात ते वैमानिक, कारण ऑटोपायलटची सवय त्यांना आपल्या कितीतरी आधी लागली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बोइंग ७४७च्या १६ वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये विमान हाताने उडवायला सांगितलं. हात बऱ्यापैकी शाबूत होते. डळमळलं ते डोक्यातलं काम: आपण नेमके कुठे आहोत, पुढची पायरी कोणती, हे उपकरण बिघडलंय का. आणि यंत्रावर मनापासून नजर ठेवणाऱ्यांचं हे डोक्यातलं कसब जास्त टिकतं, असंही त्यातून दिसलं.

गाडीच्या बाबतीतही मला काळजी वाटते ती याचीच. गिअर, वळण, चढावर गाडी उचलणं हे हात सहसा विसरत नाहीत. पण कडेला उभ्या गाडीची पुढची चाकं रस्त्याकडे वळलीत, म्हणजे ती आता निघणार; तीन गाड्यांपुढचा ब्रेक लाइट लागला, म्हणजे आत्ताच पाय काढायचा, ही नजर रोजच्या वापरावरच जगते. शिवाय जो नवशिका अशाच गाडीवर शिकतो, त्याच्याकडे गमवायला ती नजर मुळात येणार कुठून?

आता रस्त्याचं काम चालू आहे असं समजा. लेनचे पट्टे संपतात, एक बीप वाजतो आणि स्टिअरिंग तुमच्या हवाली होतं. हात चाकावर असतात, पण रस्त्याचा अंदाज आलेला नसतो. लीड्स विद्यापीठातल्या सिम्युलेटरवर असा ताबा परत घेणाऱ्यांचं स्टिअरिंग स्थिरावायला ३५ ते ४० सेकंद लागले. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात साधारण एक किलोमीटर मागे पडतो.

याचा अर्थ सगळी बटणं बंद करा असा नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या पाहणीत, टक्कर होतेय असं दिसताच आपोआप ब्रेक मारणाऱ्या यंत्रणेमुळे पुढच्या गाडीवर आदळण्याचे अपघात निम्म्यावर आले. ती यंत्रणा एरवी गप्प असते, चालकाचं काम काढून घेत नाही. त्याच संस्थेला २०२४ साली, अंतर आणि लेन सांभाळणाऱ्या त्या पायरी २ च्या जोडीने अपघात कमी झाल्याचा पुरावा मात्र सापडला नाही.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कंपन्यांना सुचवलं की वैमानिकांना जमेल तेव्हा हाताने उडवू द्या. कारचालकाला असं सांगणारं कोणी नाही. त्याने स्वतःच मोकळ्या रस्त्यावर, लख्ख उजेडात अधूनमधून लेन सांभाळणारं स्टिअरिंग आणि क्रूझ कंट्रोल बंद करावं. आपोआप लागणारा ब्रेक तेवढा चालू ठेवावा.