पणजीचं माहेर कुठल्या दफ्तरात सापडतं?

इंग्लंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्याला एक मळलेली वाट असते. तिथे 1 जुलै 1837 पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद होऊ लागली आणि 1841 पासून दर दहा वर्षांनी घराघरातल्या माणसांची नावानिशी गणती झाली. शंभर वर्षं उलटली की त्या गणतीची वही लोकांना पाहायला मिळते. 1921 ची जानेवारी 2022 मध्ये खुली झाली. (1931 ची मात्र कधीच मिळणार नाही, ती डिसेंबर 1942 मध्ये आगीत जळून गेली.) लग्नाच्या नोंदीत नवरीचं माहेरचं आडनाव आणि तिच्या वडिलांचं नाव, व्यवसाय लिहिलेला असतो. त्यामुळे बाई सासरी गेली तरी कागदावर तिचा माग राहतो.

आपल्याकडे हीच वाट धरली की माणूस पहिल्या पावलालाच अडतो. पणजोबांपर्यंतची नावं बहुतेक घरांत तोंडपाठ असतात. पणजी कुठल्या गावची, कोणाची लेक, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आपल्याकडे कागद कमी होते म्हणून हे झालं नाही. मोडी दफ्तरांचे ढीग आपल्याकडे आहेत. ते कागद कोणी आणि कशासाठी लिहिले, यात याचं उत्तर आहे.

आधी खानेसुमारीचं पाहू. इंग्रजी अमलात मुंबई शहराची मोठी गणती 1 फेब्रुवारी 1864 रोजी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहराची लोकसंख्या 8,16,562 भरली. तेजी ओसरल्यावर 1872 मध्ये ती 6,44,405 वर आली. जी लाखभराहून जास्त माणसं कमी झाली, त्यांत कोणाचे पणजोबा होते हे त्या आकड्यांतून कळत नाही. देशभर एकाच वेळी पहिली गणती झाली ती 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री. गणतीदार घरोघर गेले, नाव, वय, जात, धर्म, जन्मठिकाण, लग्न झालेलं की नाही, सगळं विचारलं. घरातल्या बाईचं नाव सांगायला कोणी कांकू केली, तर नावाच्या जागी नुसतं ‘स्त्री’ लिहावं, अशी गणतीदारांना सूचना होती. म्हणजे त्या वह्या जपल्या असत्या, तरी कित्येक पणज्या त्यांत बिननावाच्याच निघाल्या असत्या.

पण वह्या जपल्याच नाहीत. सरकारला हवे होते कोष्टकांतले आकडे: अमुक तालुक्यात इतके विवाहित, इतक्या विधवा, इतके साक्षर. बेरजा लागल्या की घरोघरच्या पत्रकांचं काम संपत असे. छापील अहवाल ग्रंथालयांत आहेत आणि ते वाचनीयही आहेत, पण त्यांत माणूस शोधू नये. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 ने गणतीची मूळ पत्रकं कोणालाही पाहता येणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत, असं ठरवलं. अमुक वर्षांनी ती खुली होतील, अशी तरतूद या कायद्यात नाही.

लग्नाचीही तीच गत. पारशांसाठी 1865 चा कायदा होता. ख्रिस्ती लग्नं चर्चच्या रजिस्टरात लागत. वसई आणि गोव्याकडे ही परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. गोव्यात तर 1910 च्या दशकापासून सगळ्याच धर्मांच्या लग्नांची सरकारदरबारी नोंद आहे. हिंदूंचं लग्न मात्र अंतरपाट, अक्षता आणि पंगतीत बसलेल्या गावाच्या साक्षीनं होई. मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा कायदा 1953 मध्ये केला आणि त्यानंतरही बरीच वर्षं लोकांनी नोंद केलीच नाही. 1900 च्या आसपास लग्न झालेल्या पणजीचा दाखला शोधायला निबंधकाच्या कार्यालयात जाणं म्हणजे हेलपाटा.

मग नावं राहिली कुठे? जिथे शेतसारा वसूल करायचा होता तिथे. 1830 च्या दशकात इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यामुळे सरकारचा संबंध थेट खातेदाराशी आला आणि खातेदाराचं नाव लिहून ठेवणं भाग पडलं. पुढे हक्कनोंदी सुरू झाल्या आणि फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल टिपायची, वही आली. वंशावळीसाठी माझ्या मते फेरफारासारखा कागद नाही. खातेदार कधी वारला, मागे कोण, मुलगे किती, त्यांतले अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, किती, हे तलाठ्यानं चार ओळींत लिहिलेलं असतं.

त्या चार ओळी सावकाश वाचाव्या लागतात. ‘बाळा बिन गोंदजी, ए.कु.मॅ.’ अशी नोंद असेल, तर गोंदजीचा मुलगा बाळा हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे आणि त्याचे भाऊ त्या तीन अक्षरांमागे आहेत. गिरणीत कामाला मुंबईला गेलेला धाकटा भाऊ कागदावर नाही म्हणून तो नव्हताच, असं समजू नये. ‘तुका गोंदजी, अ.पा.क. आई रखमा’ असं दिसलं, तर तुका त्या वेळी अज्ञान होता आणि त्याच्या वतीनं पालनकर्ती म्हणून आई लागली. कित्येक घरांत पणजीचं नाव कागदावर येण्याचं हे एकमेव कारण असतं: नवरा अकाली गेला आणि पोरं लहान होती. नवरा म्हातारा होऊन वारला, मुलगे कर्ते होते, तर तिचं नाव लावायची कोणाला गरजच पडली नाही. संसार सुखाचा झालेली बाई दफ्तरात सापडत नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं हे बदललं. मुली वारस झाल्या आणि फेरफारांत लेकींची नावं येऊ लागली, तीही सासरच्या नावानं. त्यांनी भावांच्या नावे हक्कसोड करून दिलं असलं, तरी सोडण्यासाठी का होईना, नाव लिहावं लागलं. आजीचं माहेर शोधणाऱ्यानं म्हणून सासरचा सातबारा उलटून पाहण्यात वेळ घालवू नये. ज्या गावची असेल असा अंदाज आहे, तिथले 1956 नंतरचे फेरफार पाहावेत. तिच्या वडिलांच्या किंवा भावांच्या खात्यात ती निघते.

पणजीसाठी त्याच्याही मागे जावं लागतं, आणि तिथे उपयोगी पडतं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालाच्या तोंडून ऐकून लिहिलेलं, बहुतेक मोडीत. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि जात असते. बाळाच्या जागी पुष्कळदा फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण बारसं व्हायचं असतं. आजोबांची जन्मनोंद आपल्या गावात मिळत नाही अशी तक्रार फार ऐकू येते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. थोरल्या मुलाची नोंद आजोळच्या गावच्या बुकात असण्याचीच शक्यता जास्त. शेजारच्या दहा-पंधरा गावांची त्या सालची बुकं चाळली आणि आपल्या पणजोबांचं नाव परगावच्या बुकात बाप म्हणून सापडलं, तर पणजीचं माहेर हाती आलं म्हणून समजा. मृत्यूच्या नोंदीत बाई ‘रखमा कोम गोंदजी’ अशी, नवऱ्याच्या नावासकट येते. 1896 नंतरची प्लेगची वर्षं आणि 1918 च्या तापाची साथ आधी पाहावी. घरच्या आठवणीतून एकाएकी गळून पडलेली माणसं तिथे भेटतात.

आज तहसील कचेऱ्यांतल्या या रुमालांना, म्हणजे कापडात बांधलेल्या दफ्तरांना, पुन्हा हात लागला आहे तो मुख्यतः जातीच्या दाखल्यांसाठी. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पण हा शोध बापाच्या बाजूनं चालतो. दाखल्याला पणजीचं माहेर लागत नाही, त्यामुळे ते कोणी शोधत नाही.

जे देश सोडून गेले त्यांची कागदपत्रं मात्र भरघोस आहेत. रत्नागिरी, सावंतवाडी भागातून मुंबई बंदरावरून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या माणसांना तिथे उतरताच क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण लिहिली जाई आणि 1860 च्या दशकापासून फोटोही काढले गेले. स्त्रियांनाही स्वतंत्र क्रमांक होता. मळेवाल्याला मजूर पळून जाऊ द्यायचा नव्हता म्हणून ही काळजी. हे दफ्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे आणि तिथले मराठी वंशज त्यातून आपलं कोकणातलं गाव शोधतात. गावाचं नाव कारकुनानं कानाला लागलं तसं रोमन लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून ते मोठ्यानं वाचून पाहावं लागतं.

आणि ज्यांच्याकडे ना जमीन होती ना गलबताचं तिकीट? कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दर काही वर्षांनी दारात येतात आणि घराण्याच्या पिढ्या सांगतात. आले तर त्यांना घाईनं वाटेला लावू नये. नाशिक-त्र्यंबक, पंढरपूर, गया, काशी इथल्या उपाध्यायांच्या चोपड्या आहेत. कुळाचं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकं पान काढतात आणि त्यावर कधी आजोबांची सही निघते. श्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या बापाच्याही तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, म्हणून काही चोपड्यांत आजोळही लिहिलेलं असतं. तेव्हा तिथे गेल्यावर आपलं पान पाहून उठू नये. आजोबांनी कोणाकोणाचे पिंड दिले, ते विचारावं. त्यांच्या आईकडची नावं तिथे असली, तर त्या आईचं, म्हणजे पणजीचं, गाव कळायला तीच ओळ पुरते.